'घेतला' म्हणा

साहेब, श्रावणजी वैरागडेला तुम्ही मारलं. डॉक्टरनं हार्ट लिहिलं, पंचांनी सह्या केल्या, तुम्ही हार घालून फोटो काढून घेतला. तरी मारलं तुम्हीच. मी तिथं होतो.

त्या सकाळी मी पुलावरून चालत येत होतो. आपल्या गावाला पाणी देणारं जॅकवेल धरणाच्या पाण्यात उभं आहे. काठापासून आत, एकटं, गोल, सिमेंटचं, कोणी भलामोठा रांजण पाण्यात रोवून ठेवल्यासारखं. काठावरून तिथवर लोखंडी जाळीचा अरुंद पूल. चालताना पायाखाली पाणी दिसतं. आत दोन मोठे पंप, आणि त्यांचा आवाज असा की शेजारच्याला हाक मारली तर आपली हाक आपल्यालाच ऐकू येत नाही.

श्रावणजी स्टुलावर बसले होते. मोटरीकडं पाठ, तोंड दाराकडं. उजवा हात पुढं केलेला, पंजा उघडा. ड्युटी बदलताना आम्ही हातावर हात द्यायचो, तसा. मी आत शिरलो, चपला काढल्या आणि हातावर हात दिला.

हात गार होता.

पंपापाशी काहीच गार नसतं, साहेब. मे महिन्यात तर भिंतीसुद्धा तापलेल्या असतात. मी त्यांच्या कानाशी गेलो आणि ओरडलो, "श्रावणजी!" त्यांचं डोकं हललं. हो म्हटल्यासारखं, पुन्हा पुन्हा हललं. मोटरीच्या हादऱ्यानं हलत होतं ते.

दारापाशी फोन आहे. मी फिल्टर हाऊसच्या मेश्रामला कळवलं, मेश्रामनं तुम्हाला. तुमची जीप काठावर थांबली. रुमाल नाकाशी धरून तुम्ही पूल ओलांडलात, आत डोकावलात, आणि माझ्या कानात ओरडून पहिला प्रश्न विचारलात,

"पंप चालू आहेत ना?"

आठवतं? मला आठवतं. मी मान हलवली.

"बंद करू नकोस. गावात लग्नसराई आहे."

मग मेश्राम आणि दोन मजुरांनी श्रावणजींना उचललं. पूल अरुंद, त्यात तो पुढं केलेला हात काही खाली होईना. कठड्याच्या प्रत्येक खांबाला तो अडकायचा. मेश्राम थांबायचा, बोटं सोडवायचा, चार पावलं पुढं जायचा, की पुन्हा अडकायचा. जसं काही माणूस जायला तयार नव्हता. मी मागून निघालो, तर तुम्ही माझ्या छातीवर बोट ठेवलंत.

"तू कुठं निघालास? इथं माणूस लागतो."

मी थांबलो. तुम्ही गेलात. तुमच्या त्या एका बोटानं काय काय अडवून ठेवलं, ते आता सांगतो.

आमच्या जॅकवेलवर एक रीत होती. कोणत्या कागदात नव्हती, पण तुमच्या सगळ्या कागदांपेक्षा पक्की होती. मी नवीन लागलो तेव्हा श्रावणजींनी मला पुलाच्या काठाकडच्या टोकावर, जिथं आवाज कमी येतो, तिथं उभं करून शिकवली. त्यांच्या तोंडात तंबाखू, बोटाला चुना.

"हे पाह्य गुणवंता. जाणाऱ्यानं येणाऱ्याच्या कानात म्हणाचं, 'चार्ज देल्ला.' येणाऱ्यानं म्हणाचं, 'घेतला.' डाव्या कानात बोलाचं. उजवीकून मोटरी बोंबलतेत, त्या कानात काही शिरत नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"काय नाही म्हटलं तर?"

"येणारा 'घेतला' म्हणालाच नाही तर?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या आईवरून बोललो होतो.

"तं मंग जाणारा जात नाही. आबे, घेतल्याबिगर देल्लं कसं म्हणाचं? 'घेतला' आयकू आला तंच पूल ओलांडाचा. नाही तं बसाचं तठीच."

"जेवायचं? घर?"

"घर थांबते. पंप थांबत नाही."

हे ते अभिमानानं म्हणायचे, साहेब. तुमच्याच लोकांनी त्यांच्या तोंडात घातलं होतं ते. ऑपरेटरच्या जागा तीन. भरलेल्या दोन. तिसरी मंजूर होती, मी लागलो तेव्हा मंजूर होती, माझं लग्न झालं तेव्हा मंजूर होती, मला मुलगी झाली तेव्हाही मंजूरच होती. त्या मंजूर माणसाच्या वाटचं काम आम्ही दोघं वाटून करायचो. बारा तास ते, बारा तास मी. एकाला ताप आला की दुसऱ्यानं तिथंच बसायचं. दिवाळीत आम्हा दोघांपैकी एकालाच घरचे दिवे दिसायचे, म्हणजे दुसऱ्याच्या घरीही लागायचे, पण ते बायकोनं लावलेले.

माझ्या मुलीला ही रीत माहीत होती. बिट्टी चार वर्षांची होती. मी ड्युटीवर निघालो की खाली वाकून तिच्या डाव्या कानात सांगायचो, "घराचा चार्ज देल्ला!" ती कानावर हात ठेवून खिदळायची आणि ओरडायची, "घेतला!" हा एवढाच आमचा खेळ. एवढंच मला बाप म्हणून येत होतं.

तर श्रावणजी गेले त्या सकाळी 'घेतला' कोणी म्हटलंच नाही. मी त्यांच्या कानात त्यांचं नाव ओरडलो. तुम्ही माझ्या कानात पंपांचं विचारलं. मयताला 'घेतला' म्हणायचं असतं हे कोणाच्या डोक्यात येणार?

दुसऱ्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं. तुम्ही रोजंदारीवर शेषराव नावाचा माणूस दिला होता. रात्री तो, दिवसा मी. मी आत शिरलो, शेषराव त्याची पिशवी उचलून भराभरा निघाला, कानात बिनात काही बोलला नाही. मी वर पॅनेलकडं पाहत उभा होतो. आणि डाव्या कानाला ऊब लागली. कोणी अगदी जवळ तोंड आणल्यावर लागते तशी. तंबाखू आणि ओल्या चुन्याचा वास आला.

"चार्ज देल्ला."

मी मागं वळलो. स्टूल होतं. मोटर होती. दारातून पाणी दिसत होतं, उन्हानं पांढरं पडलेलं.

माणूस थकला की असं होतं, मी म्हटलं. पण साहेब, थकव्याला चुन्याचा वास येत नाही.

मग रोज. ड्युटी बदलायच्या वेळेला, न चुकता. ते वाईट नव्हते, घाबरवत नव्हते. नेहमीच्या आवाजात सांगायचे आणि थांबायचे. ते थांबणं मला पाठीवर कळायचं. रांगेत मागे माणूस उभा असला की कळतं, तसं. मी काही बोलायचो नाही. थोड्या वेळानं ती ऊब जायची.

शेषराव सहा-सात दिवस टिकला. एका सकाळी तो मला जॅकवेलमध्ये नाही, पुलाच्या काठाकडच्या टोकावर भेटला. पंप आत एकटेच चालू होते.

"भाऊ, मी चाललो."

"काहून रे?"

"तठी म्हातारा कानाशी येते. काही मांगते."

"काय मांगते?"

"मले काय माईत? 'देल्ला देल्ला' म्हणते. आपण काही घेतलं नाही, आपल्याले काही देऊ नोको म्हना." पिशवी खांद्याला लावून तो गेला, मजुरीही घ्यायला आला नाही.

मी फिल्टर हाऊसवरून तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "दुसरा माणूस येईपर्यंत सांभाळ. तुझ्यावरच तर आमचा भरवसा." भरवसा! मी रात्रीही तिथंच राहिलो. पहाटे मेश्राम तासाभरासाठी बदली बसला तेव्हा घरी जाऊन आंघोळ केली.

त्या तासात बायकोनं, करुणानं, मला धरलं.

"तुम्ही कोणाशी भांडून राहिले?"

"कोणाशीच नाही!"

"मंग ओरडता काहून? घरात पंप आहे काय?"

मी ओरडत होतो हे मला माहीतच नव्हतं. तिनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि ती तशीच उभी राहिली. माझ्याकडं नाही, माझ्या हाताकडं पाहत.

"हात खाली घ्या."

माझा उजवा हात मांडीवरून पुढं आलेला होता. पंजा उघडा. मी दाराकडं तोंड करून बसलो होतो.

"चार दिवसापासून घरी आले की असेच बसता," ती म्हणाली. "झोपेतही. मले वाटते, माह्या घरात श्रावणजी येऊन राहिले आणि माहा नवरा तठी राह्यला."

मी हसून नेलं. पण बाहेर पडताना बिट्टीच्या कानाशी वाकलो नाही. माझ्या तोंडाला चुन्याचा वास येत असेल असं मला वाटलं. मी तंबाखू कधीच खाल्ली नाही, साहेब.

त्याच दिवशी भर दुपारी करुणा डबा घेऊन जॅकवेलवर आली. बिट्टीला कोणाकडं ठेवणार, म्हणून तीही सोबत. ऊन असं की पुलाची जाळी हाताला सोसेना. पोरीला कडेवर घेऊन ती आत आली, मी डबा घेतला, आणि लाइट गेली.

पंप थांबायला वेळ लागतो. गरगरणं हळूहळू खाली येतं, मग एक लांब सुस्कारा, मग काही नाही. वर्षानुवर्षं आवाजात राहिलेल्या माणसाला ती शांतता अंगावर येते. खाली विहिरीच्या भिंतीला पाणी लागत होतं, चप, चप. पाण्याची सावली छतावर हलत होती.

"माय, किती शांत," करुणा कुजबुजली.

"चार्ज देल्ला!"

ते ओरडले. पंप बंद होते, टाचणी पडली तर ऐकू आली असती, तरी ते आवाजावर मात करून ओरडावं तसे ओरडले. त्यांना कळलंच नव्हतं पंप थांबल्याचं. माझ्या अंगावर काटा आला तो त्यासाठी. मेलेला माणूस बोलला म्हणून नाही. शांतता झालेलीसुद्धा त्याला कळत नव्हती म्हणून.

करुणानं काही ऐकलं नाही. ती छताकडं पाहत होती. पण बिट्टीनं डाव्या कानावर हात ठेवला आणि ती खिदळली.

"गुदगुल्या होतेत!"

"कशाच्या गं?" करुणा.

"आबाच्या तोंडाले तंबाखूचा वास येते." आणि तिनं मोठ्यांदा, खेळात ओरडायची तसं तोंड उघडलं, "घे—"

मी झेप घेऊन तिचं तोंड दाबलं. डबा खाली पडला, वरण पॅनेलपर्यंत उडालं. पोर भेदरून रडायला लागली. करुणानं तिला माझ्या हातातून हिसकावून घेतलं.

"पागल झाले काय तुम्ही!"

"तिला तो शब्द म्हणू देऊ नको. कधीच. घरीही नाही."

"कोणता शब्द?"

मी सांगितलं. सगळं. तिनं खाली न बसता ऐकलं. स्टुलाकडं एकदा पाहिलं. मग पोरीच्या कानावर पदर घेतला आणि दारापर्यंत गेली. तिथून बोलली. रडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"उद्या त्याईचा दहावा आहे. दहावा झाला की तुम्ही घरी याचं. याची ड्युटी, त्याचा माणूस, मले काही सांगाचं नाही. दुपारच्या गाडीपर्यंत नाही आले, तं मी पोरीले घेऊन माहेरी चालली. आणि मंग बोलवू नका. इथून कोण घरी येईन, मले ओळखू येणार नाही."

तेवढ्यात लाइट आली. पंप चालू करायला मला वळावं लागलं. वळून पाहिलं तर ती पुलाच्या मध्यावर होती, पोरीचा चेहरा खांद्यात दाबलेला.

दहावा धरणाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या घाटावर होता. तिथून जॅकवेल दिसतं. वारा फिरला की पंपांची घरघरही येते. मेश्रामला माझ्या जागी बसवून तुम्ही मला 'तासाभराची परवानगी' दिली होती. तुम्ही स्वतः आलात, पांढरा शर्ट घालून, हार घेऊन. चांगलं दिसतं ते.

श्रावणजींचा मुलगा दिवाकर पुण्याहून आलेला. त्यानं पिंड ठेवला, सगळे मागं सरकले. बाभळीवर कावळे बसलेले होते, खूप. एक खाली आला. पिंडाभोवती फिरला. चोच नेली, थांबला, मान डावीकडं कलती केली, आणि वळून जॅकवेलकडं पाहत बसला.

"काही राह्यलं असन मनात," कोणीतरी म्हणालं.

दिवाकर पुढं आला. हात जोडले. "बाबा, आईले मी पुण्याले नेतो. एकटी नाही ठेवत."

कावळा हलला नाही.

"ते नसन," वैरागडेकाकू मागून म्हणाल्या. "मी पुण्यात बिमार पडते, त्याईले माईत आहे."

श्रावणजींचे साडभाऊ आले. "वैरागडे, वावराच्या धुऱ्याचं भांडण मी सोडून देल्लं. घ्या, चार लोकांसमोर बोललो."

कावळ्यानं चोच पुसली, इकडं पाहिलंही नाही.

"आता देल्लं काय सोडून? जित्तेपणी देत नव्हते ते," काकू म्हणाल्या, आणि त्या दुःखातही दोन बाया पदराआड हसल्या. कोणी तंबाखूची पुडी ठेवली. कोणी चहा मागवून ठेवला. ऊन चढत होतं. कावळा तसाच, मान कलती, कोणी कानात काही बोलेल याची वाट पाहत बसल्यासारखा.

मग काकू माझ्याकडं वळल्या.

"गुणवंता, ते घरी आलेच कवा? पोराच्या लग्नात अक्षता टाकाले आले, हाताले ग्रीस, न जेवता निंगून गेले. माह्यासंग एक वर्ष राह्यले असन तं तुह्यासंग दहा. त्याईच्या मनातलं मले काय माईत? तूच सांग, काय राह्यलं त्याईचं?"

सगळी तोंडं माझ्याकडं.

"काकू, त्या दिवशी…"

"त्या दिवशी त्याईचा चार्ज कोणी घेतला?" त्यांनीच विचारलं. झोपेतही 'देल्ला, घेतला' बोलणाऱ्या माणसाची बायको होती ती, तिला रीत माहीत असणारच. "तू 'घेतला' म्हणलं काय?"

"नाही."

"आणखी कोणी?"

"कोणीच नाही."

काकूंनी डोळे मिटले. "म्हणजे ते अजून ड्युटीवरच आहेत," त्या म्हणाल्या.

आणि मग तुम्ही हसलात, साहेब. छोटंसं, समजूतदार हसू.

"एवढंच ना? म्हणून टाक ना इंगोले. एक शब्द तर आहे. लोक उन्हात उभे आहेत."

"म्हण गा," साडभाऊ म्हणाले.

"म्हण ना, भाऊ," दिवाकर म्हणाला. बाप होता त्याचा.

मला म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणायचं होतं. त्या माणसानं मला काम शिकवलं होतं, त्याला एका शब्दासाठी तिथं अडकवून ठेवायचं? पण मला हेही कळत होतं की तो शब्द एकदा तोंडातून गेला, की ते स्टूल माझं. मग घरी जे जाईल ते आंघोळीपुरतं जाईल. दाराकडं तोंड करून, हात पुढं करून बसेल. आणि बसस्टँडवर करुणा गाडीत चढत असेल.

मी कावळ्यासमोर गेलो. तोंड उघडलं.

डाव्या कानाला ऊब लागली. भर उन्हात, माणसांच्या गर्दीत. तंबाखू, चुना. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते ओरडले नाहीत. अगदी हळू, लेकराला सांगावं तसं बोलले.

"तू नोको."

बस्स. एवढंच.

मी तोंड मिटलं. वळलो. तुमच्यासमोर येऊन उभा राहिलो.

"साहेब, तुम्ही म्हणा."

"मी?"

"हो. तुम्ही."

"मी काय पंप ऑपरेटर आहे का रे?"

"जागा तुम्ही रिकामी ठेवली. तिच्यावर माणूस तुम्ही बसवला. तो मेला तेव्हा त्याच्याआधी पंपांची चौकशी तुम्ही केली. चार्ज तुमचाच आहे. आम्ही दोघं नुसते एकमेकाला देत होतो."

"मूर्खासारखं बोलू नकोस. असल्या अंधश्रद्धा मी मानत नाही."

"मग म्हणायला काय जातं?"

लोक तुमच्याकडं पाहायला लागले. काकूसुद्धा. तुम्ही घाम पुसला. एक पाऊल पुढं आलात. तो कावळा, इतका वेळ दगडासारखा बसलेला, दोन उड्या मारून पिंडाजवळ सरकला. सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही तोंड उघडलंत. तुमचे ओठ हलले. जॅकवेलमध्ये माणसाचे हलतात तसे, आवाजाशिवाय.

आणि मग तुम्ही तोंड मिटलंत.

"महाराज," तुम्ही भटजींना म्हणालात, "दर्भाचा कावळा करा आणि उरका."

भटजींनी दर्भाच्या काड्या वळल्या, गाठ मारली, ते गवताचं पाखरू पिंडाला टेकवलं. झालं. कावळा शिवला असं धरून सगळे नाल्यात हातपाय धुवायला गेले. तुमच्या ऑफिसात काम चालतं ना, अगदी तसं. माणूस नाही, तर माणसासारखं काहीतरी टेकवायचं. खरा कावळा उडून बाभळीवर गेला. त्यानं तुमच्याकडं पाहिलं की नाही ते मी सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे.

"इंगोले, जा आता. मेश्रामला सोडव," तुम्ही जीपमध्ये बसता बसता म्हणालात.

"मी ड्युटीवर नाही, साहेब."

"काय?"

"मी चार्ज घेतलेलाच नाही. त्या सकाळपासून नाही घेतला. तिथं दहा दिवस बसलो तो असाच, पाहुणा. घरी चाललो."

तुम्ही मागून काय ओरडलात ते मी ऐकलं नाही. माझा डावा कान तेव्हापासूनच जरा कमी आहे.

घरी पोचलो तेव्हा पिशवी बांधून दारात ठेवलेली होती, करुणा पोरीला चप्पल घालत होती. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. दोन्ही खाली होते. तिनं पोरीची चप्पल काढली. मी जमिनीवरच आडवा झालो. बिट्टी येऊन माझ्या पोटावर बसली, कानाशी आली, आणि मग आईकडं पाहून थांबली.

"म्हणू?" तिनं विचारलं.

"दुसरं काही म्हण," करुणा म्हणाली.

पोरीनं विचार केला आणि माझ्या कानात म्हणाली, "भूक लागली."

पुढचं तुम्हाला पाठ आहे. मेश्राम वाट पाहून कंटाळला, संध्याकाळी त्यानं पंप बंद केले आणि तोही घरी गेला. ऐन लग्नसराईत गावाचे नळ कोरडे पडले. बाया घागरी घेऊन ऑफिसवर आल्या. आणि काय चमत्कार, साहेब! जी जागा माझ्या पोरीच्या जन्माआधीपासून भरत नव्हती, ती श्रावणजींच्या तेरवीच्या आत भरली. माझ्या जागेसकट तीन माणसं. आठ-आठ तास. म्हणजे माणसं होती. फक्त एक आधी मरावा लागत होता.

मला तुम्ही सस्पेंड केलं, मग वर्षभरानं घेतलं, मीटर विभागात टाकलं. मला ते बरंच झालं. मी संध्याकाळी घरी जात आलो. बिट्टीला सायकल शिकवली, तिच्या शाळेत भांडायला गेलो, करुणाशी निवांत भांडलो. ओरडून नाही.

जॅकवेलवरच्या नव्या पोरांना मी बरेचदा विचारलं. आडून आडून. कानात काही येतं का? वास? त्यांनी माझी थट्टा केली. कोणालाच काही येत नव्हतं. मलाही पुन्हा कधी आलं नाही. मी इतकी वर्षं समजून चाललो की दर्भाचा का होईना, कावळा चालला. श्रावणजी सुटले.

मग मागच्या महिन्यात नगराध्यक्षांच्या पुतण्याच्या लग्नात तुम्ही दिसलात.

रिटायर झालात, वाळलात. मांडवाच्या टोकाला, बँडपासून लांब खुर्ची टाकून बसला होतात. डाव्या कानावर तळहात घट्ट दाबलेला. मला वाटलं बँडचा त्रास होतो. पण बँड तुमच्या उजवीकडं होता, साहेब.

तुमच्या बाई करुणाशेजारी जेवायला बसल्या होत्या. त्या सहज बोलून गेल्या. यांना आता सगळी फुरसत आहे, पण घरात लक्ष नाही. रोज सकाळी उठून दाराकडं तोंड करून बसतात. नातू जवळ गेला की खेकसतात. मध्येच ओरडतात, "काय? काय म्हणालात?" घरात कोणी तंबाखू खात नाही, तरी वास येतो म्हणून खिडक्या उघडायला लावतात. कानाचे तीन डॉक्टर झाले. धरणावरच्या त्या माणसाच्या दहाव्याहून आले, तेव्हापासूनचं आहे हे, त्या म्हणाल्या. आम्हाला वाटलं ऊन लागलं.

करुणानं घास खाली ठेवला आणि मांडवातून माझ्याकडं पाहिलं.

म्हणजे श्रावणजी सुटले नाहीत. त्या दुपारी त्यांनी फक्त बरोबर माणूस शोधला. इतकी वर्षं तो भला माणूस रोज तुमच्या दारात उभा राहतो, सांगतो, आणि वाट पाहतो. त्याला अजून पूल ओलांडायचा आहे. काकू अजून आहेत, साहेब. त्या अजून दोन ताटं घेतात.

तुम्हाला गवताच्या कावळ्यानं भागवायची सवय. पण तुमच्या कानाशी जो उभा आहे तो गवताचा नाही. तुमच्या घरात तुमचा नातू तुमच्याकडं यायला भितो. तोही थांबून आहे. एक शब्द आहे, लोकांसमोर म्हणायची लाज वाटत असेल तर एकटे असताना म्हणा. तो ओरडूनच बोलतो, त्याला शांतता कळत नाही, म्हणून मोठ्यानं म्हणा.

उद्या सकाळी तो पुन्हा येईल. साहेब, 'घेतला' म्हणता की नाही?